कोकणात पाहुण्यांच्या कामात नवे असाल, तर आधी ‘चेक’ शिका

मे महिन्यातली सकाळ होती. घावणे-चटणीचा नाश्ता झाला आणि अमेरिकेत वाढलेला, मूळ पुण्याच्या घरातला एक मुलगा ओटीवर येऊन माझ्या पुतण्याला म्हणाला, “वुई आर गोइंग टू चेक आऊट द फोर्ट.” पुतण्याने मान डोलावली, आत आला आणि मला म्हणाला, “काकी, ते निघाले. बिल करू ना?” त्यांच्या अजून दोन रात्री बाकी होत्या. मी बाहेर जाऊन विचारेपर्यंत कामाच्या मुलीने खोलीतल्या चादरी काढून धुवायला टाकल्या होत्या. पाहुण्यांना फक्त सिंधुदुर्ग किल्ला बघून यायचं होतं.

यात पुतण्याची चूक नव्हती. ‘चेक आऊट’ म्हणजे खोली सोडणं, एवढंच त्याला शिकवलं होतं, आणि ते मीच शिकवलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कामाला कोणी नवीन आलं की पहिला आठवडा मी हा एकच शब्द घेते. मालवणच्या आसपास ज्यांनी नुकताच होमस्टे काढलाय, जे रिसेप्शनवर, बोटीवर किंवा पाहुण्यांच्या गाडीवर लागलेत, त्यांच्यासाठी तो आठवडा इथे लिहून काढते. इंग्रजी फारसं येत नसलं तरी बिघडत नाही. हा शब्द तुम्ही रोज बोलताच, फक्त त्याची सगळी रूपं ओळखीची करून घ्यायची आहेत.

पायरी 1: आधी तोंडात बसवा

मराठीत ‘च’ दोन प्रकारचा आहे. ‘चमचा’तला वेगळा, ‘चेहरा’तला वेगळा. ‘चेक’चा च ‘चेहरा’तला. त्यापुढचा ए ओढायचा नाही, झटकन सोडायचा. इंग्रजीत याचे शेजारी फार आहेत. ‘चीक’ म्हटलं तर गाल, ‘चिक’ म्हटलं तर कोंबडीचं पिल्लू, ‘चॉक’ म्हटलं तर खडू. झालेल्या गोष्टीबद्दल बोलताना ‘चेक्ड’ असं लिहितात, पण कानाला ते ‘चेक्ट’ ऐकू येतं. ‘आय चेक्ट द रूम’ म्हणजे खोली बघून झाली. ‘चेकेड’ म्हणू नका. बस्स, उच्चाराला एवढं पुरे.

पायरी 2: बुद्धिबळाचा पट मांडा

ही पायरी गाळू नका. इथे एक तास घालवलात तर पुढचं पाठ करावं लागत नाही.

बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की आपण म्हणतो ‘शह’. इंग्रजीत त्यालाच ‘चेक’ म्हणतात. हे नुसतं भाषांतर नाही, मुळात दोन्ही शब्द एकाच घरातले. फारसीत राजाला ‘शाह’. हा खेळ भारतातून इराणात गेला, तिथून अरबांकडे, अरबांकडून युरोपात, आणि शाह हा शब्द खेळाबरोबर प्रवास करत गेला. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोचेपर्यंत त्याचा ‘चेक’ झाला. ‘चेस’ हे खेळाचं इंग्रजी नावही त्याच शब्दाचं. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’, राजा हतबल झाला. आपल्याकडे ‘मात केली’ आणि ‘शह-काटशह’ हे शब्द त्याच पटावरून आले. दाभोळचं बंदर ज्या आदिलशाहीकडे होतं, तिच्या नावातला ‘शाह’ही हाच. म्हणजे या इंग्रजी शब्दाची किल्ली मराठी माणसाच्या खिशात आधीपासूनच आहे.

मी काय करते ते सांगते. ओटीवर लाकडी पट मांडते आणि नवीन मुलीला समोर बसवते. तिचा राजा कोपऱ्यात, शेजारी एक प्यादं. माझा हत्ती सरळ रेषेत आणून ठेवते आणि म्हणते, “शह.” तिचा हात वजिराकडे गेलेला असतो, तो तिथेच थांबतो. ती राजाकडे बघते, हत्तीकडे बघते, मधल्या घरांवरून बोट फिरवते. मग विचार करून राजा एक घर सरकवते. मी तिला विचारते, आत्ता काय काय केलंस? ती सांगते, “थांबले. बघितलं. मग चाल केली.”

तेवढंच. ‘चेक’ या शब्दाचे बहुतेक अर्थ या तीन गोष्टींतून निघतात. कुठे ‘थांबवणं’ जास्त असतं, कुठे ‘बघणं’ जास्त असतं. उरलेले अर्थ पटावरच्या काळ्या-पांढऱ्या घरांतून निघतात. चौकड्यांच्या शर्टाला आपण ‘चेक्सचा शर्ट’ म्हणतो तो या घरांमुळे. आणि बँकेचा चेकही पटाच्या वाटेनेच आला, त्याची गोष्ट खाली येते.

पायरी 3: एक दिवस नुसतं ऐका

दुसऱ्या दिवशी वहीचं एक पान घ्या आणि दिवसभरात आपल्याच माणसांच्या तोंडून ‘चेक’ कुठे कुठे येतो ते टिपा. इंग्रजी माणसाची वाट बघायची गरज नाही. आमच्या मुलीच्या पानावर एका दिवसात हे आलं होतं: गॅस चेक कर, टाकीत पाणी आहे का चेक कर, आजीची शुगर चेक करून आण, व्यापाऱ्याचा चेक आला का, नाक्यावर चेकिंग आहे, पाहुण्यांचं चेक-इन किती वाजता, मोबाइलवर मेसेज चेक कर, चेक्सचा शर्ट इस्त्रीला दिलाय.

आता प्रत्येकापुढे मराठी शब्द लिहायचा प्रयत्न करा. गॅस ‘बघ’. पाणी ‘बघ’. शुगर ‘तपासून’ आण. व्यापाऱ्याचा ‘धनादेश’. नाक्यावर ‘तपासणी’. बातमी खरी आहे का याची ‘खातरजमा’ करतात, हिशेब ‘पडताळतात’, ऐकीव गोष्टीची ‘शहानिशा’ करतात, आंबा पिकलाय का ते ‘चाचपून’ बघतात. आपल्याकडे प्रत्येक बघण्याला वेगळा शब्द आहे, इंग्रजी एकट्या ‘चेक’वर भागवतं. म्हणून इंग्रजी बोलताना नवीन माणूस उगाच अडतो. ‘पडताळून बघते’ला काय म्हणू, ‘खातरजमा करते’ला काय म्हणू, असा विचार करत राहतो. तिथे बिनधास्त ‘आय विल चेक’ म्हणा.

मराठीत बोलताना मात्र मी मुलींना उलटं सांगते. घरात ‘भात शिजला का चेक कर’ म्हणू नका, ‘बघ’ म्हणा. आपले इतके बारीक शब्द वापराविना गंजून जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.

पायरी 4: मागे लागणारा छोटा शब्द पकडा

आता खरं काम. इंग्रजीत ‘चेक’च्या मागे इन, आऊट, ऑन, विथ, फॉर, अप असे छोटे शब्द लागतात आणि प्रत्येक वेळी अर्थ बदलतो. पाहुण्यांच्या कामात गोंधळ होतो तो इथेच. म्हणून चेक ऐकला की लगेच उत्तर द्यायचं नाही, पुढचा शब्द येईपर्यंत थांबायचं.

‘चेक इन’ म्हणजे येऊन नाव नोंदवणं आणि खोली ताब्यात घेणं. पाहुणा फोनवर “व्हेन कॅन वुई चेक इन?” विचारेल, तर “चेक-इन इज फ्रॉम ट्वेल्व्ह” एवढं पुरे. नोंदवही समोर ठेवा, प्रत्येकाचं ओळखपत्र बघा, फोन नंबर घ्या. परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा बघून त्याची माहिती 24 तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. हे काम उद्यावर टाकायचं नाही. ओळखपत्र मागताना “आय हॅव टू चेक यू” असं कधीही म्हणू नका. त्याचा अर्थ माणसाचीच झडती घेण्यासारखा होतो. “मे आय सी युवर आयडी, प्लीज?” म्हणा.

विमानतळावरचं ‘चेक-इन’ वेगळं. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, तेव्हापासून आमच्याकडच्या गाडीवाल्यांना हा शब्द रोजचा झाला आहे. तिथे चेक-इन म्हणजे प्रवाशाने विमान कंपनीकडे हजेरी लावणं आणि मोठी बॅग त्यांच्या ताब्यात देणं. आता पाहुणा तुम्हाला म्हणाला, “आय हॅव टू चेक्ड बॅग्ज,” तर त्याच्या बॅगा कोणी उघडून तपासल्या असा अर्थ नाही. दोन बॅगा विमानाच्या पोटात आहेत, त्या पट्ट्यावरून यायच्या आहेत, तोवर त्याला बाहेर यायला वेळ लागेल, असा अर्थ. गाडीवाल्या दादांनी हे वाक्य कळून घेतलं तर “अजून का आला नाही” म्हणून फोनवर फोन करावे लागत नाहीत, आणि डिकीत जागा किती ठेवायची तेही कळतं.

‘चेक आऊट’चे दोन चेहरे. नुसतं ‘चेक आऊट’ म्हणाला तर खोली सोडून जाणं: “वुई विल चेक आऊट ॲट टेन.” पण त्यापुढे एखादी जागा किंवा वस्तू आली तर जाऊन बघून येणं: किल्ला, बीच, देवबागचा संगम, बाजारातलं मासळीचं लिलावघर. आमच्या पुतण्याला ‘द फोर्ट’ हे दोन शब्द ऐकू आले नाहीत, आणि चादरी निघाल्या. तुम्हीही याच रीतीने बोलू शकता. “यू शुड चेक आऊट द फिश ऑक्शन इन द इव्हनिंग” असं म्हटलंत की पाहुण्याला ते जवळचं वाटतं, पाटी वाचल्यासारखं वाटत नाही.

इथेच एक सावधगिरी, विशेषतः पुरुष मुलांसाठी. ‘चेक’ आणि ‘आऊट’च्या मध्ये माणूस आला तर अर्थ घसरतो. ‘ही वॉज चेकिंग हर आऊट’ म्हणजे तो तिला न्याहाळत होता, तेही चांगल्या नजरेने नव्हे. परदेशात काउंटरवरचा माणूस ‘मी तुमचा हिशेब करून देतो’ या अर्थाने तसं वाक्य बोलतो हे खरं, पण आपण नवखे आहोत, तो धोका कशाला घ्या? “युवर बिल इज रेडी, मॅडम” म्हणा.

‘चेक ऑन’ म्हणजे कोणाची ख्यालीखुशाली बघणं. पाहुणे समुद्रावर निघालेत आणि सांगतात, “कॅन यू चेक ऑन माय मदर?” आजी खोलीत एकट्या आहेत. जाऊन दार हळूच वाजवायचं, “आजी, काही हवंय का?” म्हणायचं, पाणी द्यायचं. एवढंच अपेक्षित आहे. पाहुण्याने सांगितलेल्या सगळ्या कामांत मला हे काम मोलाचं वाटतं, कारण माणूस आपली आई विश्वासाने आपल्याकडे सोपवून जातो.

‘चेक विथ’ म्हणजे विचारणं. “प्लीज चेक विथ द बोटमॅन” म्हणजे बोटवाल्याला विचारा. त्याच्याबरोबर जाऊन काही तपासायचं नाहीये. ‘चेक फॉर’ म्हणजे काही आहे का ते शोधणं, जसं उशीखाली चष्मा राहिला का, खाटेखाली खेळणं राहिलं का. खोली सोडताना “प्लीज चेक फॉर युवर चार्जर्स” हे वाक्य रोज म्हणा. चार्जर राहून जाण्याचं प्रमाण फार, आणि कुरिअरचा व्याप आपल्या गळ्यात पडतो.

‘चेक-अप’ सगळ्यांना माहीत आहे, डॉक्टरकडचा. ‘डबल-चेक’ म्हणजे पुन्हा एकदा बघणं, ‘चेकलिस्ट’ म्हणजे कामांची यादी. पुढे जाऊ.

लिहिताना एक बारकावा. ‘आम्ही दहाला चेक आऊट करू’ यात ते काम आहे, म्हणून इंग्रजीत दोन शब्द सुटे लिहितात. ‘चेक-आऊटची वेळ’ यात ते नाव झालं, म्हणून मध्ये जोडरेघ येते. भिंतीवर पाटी रंगवताना पेंटरला हे आधीच लिहून द्या.

पायरी 5: बँकेचा चेक

हा चेक वेगळा नाही, त्याच पटावरचा आहे. इंग्लंडात बाराव्या शतकात राजाच्या महसुलाचा हिशेब चौकड्यांचं कापड अंथरलेल्या टेबलावर सोंगट्या सरकवून करत. त्या पटासारख्या कापडावरून त्या खात्याचं नाव ‘एक्स्चेकर’ पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला अजून ‘चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. पुढे अठराव्या शतकात पैसे देण्याच्या कागदाची स्थळप्रत बँकेकडे ठेवू लागले, खोटेपणा ताडून बघता यावा म्हणून. त्या ताडून बघण्यावरून कागदाचं नाव ‘चेक’. ब्रिटिश आणि आपण त्याचं स्पेलिंग सी एच ई क्यू यू ई असं करतो, त्यावर एक्स्चेकरची छाप आहे. अमेरिकेत मात्र बँकेचा चेकही सी एच ई सी के असाच लिहितात. आपल्या पावतीपुस्तकावर आणि पाटीवर क्यू असलेलं स्पेलिंगच ठेवा.

मराठीत चेक ‘वटतो’ किंवा ‘परत येतो’. ‘वटणे’ला इंग्रजीत ‘क्लिअर’ म्हणतात: “द चेक हॅज क्लिअर्ड.” परत आला तर “द चेक बाऊन्स्ड.” “चेक पास झाला” असं आपण बोलतो, पण बाहेरच्या पाहुण्याशी इंग्रजीत बोलताना ‘क्लिअर’ हाच शब्द वापरा.

आमच्या दिरांची हापूसची कलमं आहेत. एका मोसमात त्यांच्या पेट्यांचे पैसे एका व्यापाऱ्याने चेकने दिले. चेक हातात आला म्हणजे पैसे आले, असं धरून आम्ही फवारणीवाल्याचं देणं कबूल केलं. आठ दिवसांनी बँकेतून कागद आला, खात्यात पुरेशी रक्कम नाही. व्यापारी फोनवर “बघतो, करतो” म्हणत राहिला आणि आम्ही सभ्यपणे वाट बघत राहिलो. वकिलाकडे गेलो तेव्हा तीस दिवस उलटून गेले होते. त्या कागदावरची तारीख किती महत्त्वाची, ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते.

चेक मिळाला की आधी थांबा आणि बघा. तारीख, नाव, अक्षरी रक्कम, आकड्यातली रक्कम, सही. अक्षरी आणि आकडी रक्कम जुळायला हवी. खाडाखोड असेल तर नवा चेक मागा, संकोच करू नका. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि ‘अकाउंट पेयी’ असेल तर पैसे फक्त खात्यात जमा होतात, काउंटरवर रोख मिळत नाहीत. तुम्ही कोणाला चेक देताना या रेघा मारूनच द्या. 1 एप्रिल 2012 पासून चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो, पूर्वीसारखे सहा नाही. गणपतीसाठी राखून ठेवू म्हणून कपाटात ठेवलेला मे महिन्यातला चेक सप्टेंबरात नुसता कागद होतो.

आणि चेक परत आलाच, तर बँकेकडून कळल्याच्या दिवसापासून 30 दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस असतात. तरी दिले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करता येते. हे 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तारखा वहीत लिहा आणि वेळेत वकिलाला भेटा. ओळखीचा माणूस आहे म्हणून तारखा थांबत नाहीत.

पायरी 6: जिथे चेक म्हणजे अडवणं

आमच्या मागच्या पऱ्यावर पावसाळा संपला की गाव मिळून वनराई बंधारा घालतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, तोंडं शिवायची आणि प्रवाहात आडव्या रचायच्या. कोकणात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण उतार मोठा आणि जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे पाणी भराभर समुद्राला मिळतं आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. असा बंधारा म्हणजे इंग्रजीत ‘चेक डॅम’. इथे चेकचा अर्थ तपासणं नव्हेच, पाण्याला शह देणं. पाहुण्याला दाखवताना “इट चेक्स द फ्लो ऑफ वॉटर” म्हणा, त्याला नेमकं कळेल. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीने पट आठवून हे न सांगता ओळखलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

विहिरीच्या पंपाला पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी आणि उलट येताना अडवणारी झडप असते. तिला ‘चेक व्हॉल्व्ह’ म्हणतात. पाइपाच्या तळाशी बसवलेली ती आपली ‘फूट व्हॉल्व्ह’. ‘खर्चावर आळा’ ही कल्पनाही इंग्रजीत चेकनेच बोलतात: “कीप द एक्स्पेन्सेस इन चेक.”

चेकनाक्यावर मात्र पटावरच्या दोन्ही गोष्टी एकत्र होतात, गाडी थांबते आणि मग बघतात. गोव्याहून येणाऱ्या पाहुण्यांना बांद्याजवळ इन्सुलीचा नाका लागतो, आणि दारूच्या बाटल्यांबद्दल ते आधीच फोन करून विचारतात. आपण वकिली करायची नाही. “देअर इज अ चेक-पोस्ट ॲट द बॉर्डर. दे मे चेक युवर बॅग्ज. प्लीज फॉलो द रूल्स.” एवढं सांगून थांबा.

पायरी 7: दोन अमेरिकन चेक

जेवण झाल्यावर पाहुणा म्हणाला, “कॅन वुई गेट द चेक, प्लीज?” तर तो बिल मागतोय. पंखा, नळ, गीझर काहीही तपासायला धावू नका, आणि बँकेच्या चेकबद्दलही तो बोलत नाहीये. ‘शुअर’ म्हणा आणि बिल आणा.

दुसरा जास्त फसवा, आणि कोकणात तो हमखास फसवतो. जून महिना, बाहेर कोसळतोय. शेजारच्या वहिनींनी पाहुण्यांना संध्याकाळी मालवणी जेवणाला बोलावलं, त्यांच्या मुलाने इंग्रजीत निरोप दिला. पाहुणी म्हणाली, “कॅन आय टेक अ रेन चेक?” वहिनी छत्री घेऊन अंगणात गेल्या, आभाळाकडे बघून परत आल्या आणि म्हणाल्या, “माका वाटला, पावस थांबलो काय ता बघूक सांगतत.” पाहुणीला म्हणायचं होतं, आज जमणार नाही, पण पुन्हा कधीतरी नक्की येईन.

अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसामुळे रद्द झाला तर प्रेक्षकाला पुढच्या सामन्याला चालेल असा तिकिटाचा तुकडा देत. त्याला ‘रेन चेक’ म्हणत, हे 1880 च्या दशकातलं. तुकडा म्हणजे चेक, ताडून बघायची खूण. आज त्याचा अर्थ ‘आज राहू दे, पुढे कधीतरी’. मेच्या अखेरीला समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि किल्ल्याची फेरीही थांबते. अशा वेळी पाहुणा स्कूबाबद्दल “आय विल टेक अ रेन चेक” म्हणाला, तर तो नकार देत नाहीये. त्याचा नंबर वहीत लिहून घ्या आणि हंगाम सुरू झाला की स्वतःहून फोन करा. आमचे कितीतरी पाहुणे असे परत आलेत.

पायरी 8: ‘चेक करून सांगतो’

हे वाक्य आपण दिवसातून वीस वेळा बोलतो. मराठीत त्याचा अर्थ बरेचदा ‘बघू’ एवढाच राहतो, ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. पण इंग्रजीत “आय विल चेक ॲन्ड लेट यू नो” म्हटलं की समोरचा माणूस खरोखर वाट बघत बसतो. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. या वाक्याला वेळ जोडल्याशिवाय ते बोलायचं नाही. “आय विल चेक विथ द बोटमॅन ॲन्ड कॉल यू बाय सिक्स.” सहाला बोटवाल्याचा फोन लागला नाही तरी पाहुण्याला फोन जायला हवा, ‘अजून कळलं नाही, आठला सांगते’ म्हणून.

कामाच्या मुलीला मी पहिल्या आठवड्याच्या शेवटी नोंदवहीजवळ बसवते आणि फोन तिला घेऊ देते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत बंगळुरूहून एका बाईंचा फोन आला, लवकर खोली मिळेल का म्हणून. ती उत्तर द्यायच्या बेतात होती, पण थांबली. वही उघडून आदल्या रात्रीचे पाहुणे कधी निघणार ते बोटाने शोधलं आणि म्हणाली, “दे चेक आऊट ॲट नाइन, मॅडम. यू कॅन चेक इन ॲट इलेव्हन. आय विल डबल-चेक ॲन्ड मेसेज यू इन टेन मिनिट्स.” फोन ठेवून ती मागच्या खोलीकडे गेली, दार वाजवलं, आणि सहाव्या मिनिटाला बंगळुरूला मेसेज गेला.